कर्करोगोपचारांतील उपद्रव व वनौषधी

कर्करोगावरील प्रारण चिकित्सा (क्ष-किरण, गॅमा किरण इत्यादींच्या साहाय्याने केलेले उपचार) आणि रासायनी चिकित्सा (कोशिकामारक औषधांनी केलेले उपचार) यांमुळे रोग्यास मळमळ, ओकाऱ्या, अतिसार, मुखपाक (तोंड येणे), त्वचादाह, थकवा यांसारखे उपद्रव होतात. ते सौम्य करण्यासाठी वापरात आलेल्या वनस्पतिज द्रव्यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. खुद्द कर्करोगावर गुणकारी ठरलेल्या वनस्पती, उदा., व्हिंक्रिस्टीन व व्हिंब्लास्टीन ही अल्कलॉइडे पुरविणारी सदाफुली, हा निराळा विषय असून त्यांचा उल्लेख प्रसंगोपात्तच आला आहे. लोकांच्या बोलण्यात व जाहिरातींत मात्र या दोन विषयांची नेहमी गल्लत होते.

छर्दी, अतिसार, मुखपाक, दाह ही नावे आयुर्वेदीय ग्रंथांत जुनी आहेत आणि त्यांवरील वनौषधींची संख्याही मोठी आहे; परंतु येथे विचारात घेतलेल्या उपद्रवांची कारणे जुनी नाहीत. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला आणि त्यानंतर लवकरच हे किरण हाताळणाऱ्यांच्या हातांवर भाजल्यासारख्या जखमा दिसू लागल्या. रासायनी चिकित्सेचा आरंभ त्याहून अलीकडचा आहे. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूशी रासायनिक दृष्ट्या संबंधित असलेल्या नायट्रोजन मस्टर्डाचा प्रयोग येल विद्यापीठात लुई गुडमन व ॲल्फ्रेड गिलमन यांच्या संशोधनातून १९४२ मध्ये प्रथम करण्यात आला; युद्धकालीन गुप्ततेमुळे त्याची माहिती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. ही औषधे झपाट्याने विभाजन पावणाऱ्या कोशिकांवर आघात करतात. अर्बुदाच्या कोशिका अशा असतात. पण तोंडाची व आतड्याची श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर), अस्थिमज्जा आणि केसांची मुळे यांतील कोशिकाही अशाच असतात. ओकारीचे कारण थोडे वेगळे आहे. सिसप्लॅटिनासारख्या औषधामुळे लहान आतड्यातील विशिष्ट कोशिकांतून सेरोटोनिन हे द्रव्य बाहेर पडते, ते प्राणेशा तंत्रिकेच्या टोकांना उद्दीपित करते आणि तो संदेश मेंदूतील वांतिकेंद्रापर्यंत पोहोचतो. कोणत्याही प्राचीन ग्रंथकाराने सिसप्लॅटिनाने होणारी छर्दी पाहिलेली नव्हती. त्यामुळे परंपरेने सुचविलेले प्रत्येक द्रव्य या नव्या दुखण्यावर नव्याने पारखून घेणे भाग पडले आणि त्या पारखीचे निष्कर्ष पुष्कळदा अनपेक्षित निघाले.

त्वचादाहावरील कोरफडीचे उदाहरण सर्वांत जुने म्हणता येईल. क्ष-किरणांमुळे झालेला एका स्त्री रोग्याचा त्वचादाह कोरफडीच्या ताज्या पानाच्या वापराने बरा झाल्याचा वृत्तांत अमेरिकेतील एका किरणवैज्ञानिक नियतकालिकात १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाजल्यावर कोरफडीचा गर लावण्याची घरगुती चाल अनेक देशांत असल्याने हा वृत्तांत सहज पटण्याजोगा होता आणि पुढे सु. ६० वर्षे किरणोपचार घेणाऱ्यांना कोरफडीची शिफारस होत राहिली. १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १९४ स्त्रियांवर प्रथमच काटेकोर चाचणी झाली. तीत निम्म्या स्त्रियांना कोरफडीचा गर व निम्म्यांना तसाच दिसणारा निष्क्रिय लेप देण्यात आला; दोन्ही गटांतील दाहात फरक आढळला नाही. एकट्या रोग्याच्या बाबतीत जखम आपोआप भरून आली की औषधाने, हे सांगता येत नाही, एवढाच १९३५ च्या वृत्तांताचा दोष होता. याउलट फ्रान्समधील ल्यों येथे कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस या वनस्पतीच्या फुलांच्या मलमाची २५४ स्त्रियांवर चाचणी झाली (२००४). तीत मध्यम वा तीव्र दाहाचे प्रमाण मलम लावणाऱ्यांत ४१ टक्के, तर तुलनेसाठी प्रचलित लेप लावणाऱ्यांत ६३ टक्के आढळले. मराठीत या वनस्पतीला कधीकधी झेंडू म्हटले जाते, ते योग्य नव्हे. दसऱ्याला तोरणात ओवला जाणारा झेंडू मूळचा मेक्सिकोकडील टॅजेटीस या वेगळ्या प्रजातीचा असून ल्यों येथील निष्कर्ष त्याला लागू पडत नाहीत.

भांग व गांजा यांचा इतिहास बराच वेगळा आहे, कारण येथे परीक्षणाची सुरुवात ग्रंथांवरून नव्हे, तर रोग्यांच्या स्वतःच्या अनुभवावरून झाली. कॅनाबिस या वनस्पतीचा पाश्चात्त्य वैद्यकाला परिचय करून देण्याचे बरेचसे श्रेय कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांना दिले जाते. त्यांनी १८३९ मध्ये धनुर्वात, पटकी इ. रोगांतील आपले प्रयोग प्रसिद्ध केले व पुढे ही वनस्पती ब्रिटनमध्ये नेली. विसाव्या शतकात नशेचे द्रव्य म्हणून तिच्यावर निर्बंध येत गेले. अमेरिकेच्या अधिकृत औषधिकोशातून ती १९४२ मध्ये वगळण्यात आली आणि १९७० च्या कायद्याने वैद्यकीय उपयोग नसलेल्या द्रव्यांच्या वर्गात तिला घालण्यात आले. दरम्यान १९६४ मध्ये येहिएल गाओनी व राफाएल मेकूलम यांनी इझ्राएलमध्ये तिच्यातील मुख्य क्रियाशील घटक, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी), शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता.

१९७० नंतरच्या काळात रक्तार्बुद, लसीका ग्रंथींचे कर्करोग यांसाठी एकाच वेळी अनेक तीव्र औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. रोगी पुष्कळदा तरुण असत आणि त्या वेळची वांतिरोधक औषधे अगदी दुबळी होती. काही रोगी केवळ ओकाऱ्यांच्या भीतीने उपचार अर्धवट सोडत. म्हणजे बरा होऊ शकणारा रोगही उपद्रवापायी हाताबाहेर जाई. औषध टोचून घेण्यापूर्वी गांजा ओढल्यास मळमळ कमी होते, असे यांतील काही तरुण रोगी डॉक्टरांना सांगू लागले. बॉस्टन येथील स्टीव्हन सॅलन, नॉर्मन झिनबर्ग व एमिल फ्राय यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी टीएचसी तोंडाने देऊन निष्क्रिय गोळीशी तिची तुलना केली. कोणाला काय दिले हे रोग्याला व डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नव्हते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत टीएचसी स्पष्टपणे सरस ठरले. रोग्याची संख्या लहान असली, तरी प्रश्न विचारण्याची पद्धत निर्दोष होती आणि नंतरच्या अभ्यासांना तीच पायाभूत ठरली.

कायदा मात्र आडवा होता. न्यू मेक्सिको राज्यात लिन पीअर्सन या तरुण कर्करोग्याने विधिमंडळापुढे स्वतः बाजू मांडली आणि १९७८ मध्ये त्या राज्याने गांजाच्या वैद्यकीय संशोधनाला परवानगी देणारा अमेरिकेतील पहिला कायदा संमत केला. पीअर्सन यांचे त्याच वर्षी निधन झाले. १९८५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ड्रोनॅबिनॉल (तिळाच्या तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलेले संश्लेषित टीएचसी) आणि त्याच्याशी सदृश असलेले नॅबिलोन ही दोन औषधे रासायनी चिकित्सेतील ओकाऱ्यांसाठी संमत केली. भारतात त्याच वर्षी अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा झाला. त्यात चरस व गांजा नियंत्रणाखाली आले, पाने (भांग) मात्र व्याख्येतून वगळली गेली. राष्ट्रसंघाच्या अंमली द्रव्य आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला १९६१ च्या करारातील सर्वांत कडक अनुसूचीतून काढले. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले.

वैद्यकात मात्र टीएचसीचे महत्त्व तोवर ओसरले होते. चक्कर, गोंधळ, भीती हे त्याचे परिणाम वयस्क रोग्यांना सोसत नसत. १९८१ मध्ये मेटोक्लोप्रमाइड मोठ्या मात्रेत सिसप्लॅटिनावर उपयुक्त असल्याचे दिसून आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या ऑनडॅनसेट्रॉनाने चित्रच पालटले. हे औषध सेरोटोनिनाच्या विशिष्ट ग्राहींना अडविते व डोके सुन्न करीत नाही. तेव्हापासून टीएचसीवर्गीय औषधे, इतर उपाय थकल्यावर वापरावयाची, दुय्यम औषधे झाली.

ऑनडॅनसेट्रॉनाने ओकाऱ्या बऱ्याच आटोक्यात आल्या. मळमळ तितकी आली नाही. ही दोन लक्षणे एकच नसतात, ही गोष्ट रोग्यांना आधीपासून ठाऊक होती, संशोधकांच्या ध्यानात ती उशिरा आली. आल्याकडे लक्ष वळले ते यामुळे. १९८२ मध्ये प्रवासातील मळमळीवर सुंठेचे चूर्ण उपयुक्त असल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि त्यानंतर शस्त्रक्रियेनंतरच्या व गर्भारपणातील मळमळीवरही ते वापरून पाहिले गेले. येथे आयुर्वेदाच्या अभ्यासकाला एक गोष्ट जाणवेल. चरकसंहितेतील छर्दिनिग्रहण म्हणजे ओकारी थांबविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात जांभूळ, आंब्याची पालवी, महाळुंग, डाळिंब, वाळा, साळीच्या लाह्या इ. द्रव्ये आहेत, आले (शृंगवेर) त्यात नाही. ते दीपनीय, म्हणजे अग्नी प्रदीप्त करणाऱ्या गणात आहे. आल्याला प्राचीनांनी जठर चालते करणारे द्रव्य मानले, निव्वळ ओकारी दाबणारे नव्हे, असा याचा अर्थ लावता येईल. आल्यातील जिंजेरॉल व शोगॉल या तिखट घटकांचा सेरोटोनिनाच्या त्याच ग्राहींवर परिणाम होतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. आले वाळविताना काही जिंजेरॉलांचे शोगॉलांत रूपांतर होते. त्यामुळे आले व सुंठ ही दोन भिन्न द्रव्ये समजण्याची येथील वैद्यांची पद्धत रसायनशास्त्रालाही धरून आहे.

सर्वांत मोठी चाचणी अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झाली. आधीच्या औषधफेरीत मळमळ झालेल्या ५७६ रोग्यांच्या निष्कर्षांचे त्यात विश्लेषण करण्यात आले (२०१२). नेहमीची वांतिरोधक औषधे सर्वांना दिली होती; शिवाय कोणास दररोज ०·५, १·० वा १·५ ग्रॅम आल्याचा अर्क आणि कोणास निष्क्रिय कॅप्सूल औषधफेरीच्या तीन दिवस आधीपासून सुरू करण्यात आली. पहिल्या दिवसाची मळमळ आले घेणाऱ्या तिन्ही गटांत कमी होती. विशेष हे की, सर्वांत मोठी मात्रा सर्वांत गुणकारी ठरली नाही. ०·५ व १·० ग्रॅम या मात्रा अधिक चांगल्या ठरल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हाडांच्या कर्करोगावर सिसप्लॅटिन व डॉक्सोरूबिसिन घेणाऱ्या बालक व तरुण रोग्यांच्या ६० औषधफेऱ्यांत सुंठीचे चूर्ण नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिले असता मळमळ व ओकाऱ्या यांची तीव्रता कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट अमेरिकेतील मिशिगन येथील १६२ रोग्यांच्या (२००९) व इटलीतील १२१ रोग्यांच्या (२०१७) चाचण्यांत काहीच लाभ दिसला नाही. सोबतची औषधे, आल्याचे स्वरूप आणि ते केव्हा सुरू केले यांत या चाचण्यांत एकवाक्यता नव्हती, हे या मतभेदाचे एक संभवनीय कारण होय. आल्याने बिंबाणूंच्या (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) एकत्र येण्यास थोडा अडथळा होतो. म्हणून उपचारांमुळे बिंबाणू फार कमी झालेल्या रोग्याला मोठ्या मात्रेत आले देणे टाळतात.

तोंड येणे हा उपद्रव भारतात विशेष महत्त्वाचा आहे, कारण तंबाखूमुळे तोंड व घसा यांचे कर्करोग येथे फार आढळतात आणि किरणोपचाराच्या दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यापासून रोग्याला अन्न गिळणे अशक्य होते. यूरोपात अशा वेळी कॅमोमाइलच्या फुलांच्या काढ्याने गुळण्या करण्याची जुनी चाल आहे. परंतु १६४ रोग्यांवरील १९९६ च्या चाचणीत फ्लुओरोयुरॅसिल या औषधाने येणाऱ्या तोंडावर त्या निरुपयोगी ठरल्या. मंगळूर येथे ८० रोग्यांवर झालेल्या चाचणीत (२०१४) हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांत, पोव्हिडोन आयोडिनाच्या गुळण्या करणाऱ्यांपेक्षा, तोंड उशिरा व कमी प्रमाणात आले आणि वजनातील घटही कमी झाली. अर्थात हळदीचा रंग व चव रोग्यापासून लपविता येत नाही, ही या प्रयोगाची अंगभूत मर्यादा आहे. हळदीतील कुर्क्युमिनाच्या कॅप्सूलांचा त्वचादाहावरील अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. रॉचेस्टर येथे ३० स्त्रियांवरील प्रयोगात (२०१३) त्या गुणकारी वाटल्या, पण ६८६ स्त्रियांवरील पुढच्या प्रयोगात (२०१८) हा गुण टिकला नाही. थकव्यावर अमेरिकी जिनसेंगाची ३६४ रोग्यांवरील चाचणी (२०१३) आठ आठवड्यांनी अनुकूल निघाली. अश्वगंधाविषयीचा मलेशियातील १०० रोग्यांचा अभ्यास (२०१३) अनुकूल असला, तरी त्यात निष्क्रिय गोळीशी तुलना नव्हती.

वनस्पती, उपचार व उपद्रव यांचा सर्वांत गुंतागुंतीचा संबंध इरिनोटेकान या औषधाच्या इतिहासात दिसतो. त्याचे मूळ द्रव्य कँप्टोथेसीन हे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मन्‍रो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून १९६६ मध्ये मिळविले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा व शिक्षण मुंबई विद्यापीठातील होते. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांना हेच अल्कलॉइड सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षात विपुल प्रमाणात आढळले. गोविंदाचारी त्या काळी मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. (या शोधाचे फळ नरक्याला भोगावे लागले. निर्यातीसाठी त्याची सह्याद्रीत बेसुमार तोड झाली.) इरिनोटेकान हे कँप्टोथेसिनात रासायनिक बदल करून बनविलेले औषध जपानमध्ये १९९४ मध्ये व अमेरिकेत १९९६ मध्ये वापरात आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते प्रभावी आहे. परंतु त्याने होणारा उशिराचा अतिसार प्रसंगी प्राणघातक ठरतो. त्याचे कारण असे : शरीरात इरिनोटेकानापासून एसएन-३८ हा खरा क्रियाशील पदार्थ बनतो. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक अम्लाशी जोडून निरुपद्रवी करते व पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील सूक्ष्मजंतूंचे एक एंझाइम ही जोडणी तोडते आणि मोकळा झालेला एसएन-३८ आतड्याच्या अस्तराला इजा करतो.

जपानमध्ये कांपो ही मूळच्या चिनी वैद्यकावर आधारलेली पद्धती डॉक्टर आधुनिक औषधांबरोबर वापरतात आणि १९७६ पासून तिच्यातील अनेक कल्प राष्ट्रीय आरोग्य विम्यात समाविष्ट आहेत. तेथील संशोधकांनी त्या एंझाइमाला अडविणारे द्रव्य शोधताना स्क्युटेलॅरिया या वनस्पतीच्या मुळातील बैकलीन निवडले. ते असलेला हांगे-शाशिन-तो हा सात द्रव्यांचा कल्प फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४१ रोग्यांच्या चाचणीत (२००३) तीव्र अतिसार कमी करणारा ठरला. याच सुमारास येल विद्यापीठात यंग-ची चेंग यांनी ह्वांग छिन तांग हा कल्प अभ्यासासाठी घेतला. स्क्युटेलॅरिया, ज्येष्ठमध, पिओनीचे मूळ आणि चिनी बोर ही त्यातील चार द्रव्ये. हे दोन्ही कल्प इसवी सनाच्या २०० च्या सुमारास जांग जुंगजिंग यांनी रचलेल्या शांग हान लुन या ग्रंथातील आहेत. येलमधील काम, प्रत्येक घाण्याची रासायनिक ओळख पडताळून कल्पाचे प्रमाणीकरण करण्यापासून सुरू झाले, ही त्यातील जमेची बाजू होय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत या कल्पाने आतड्याचे अस्तर पुन्हा भरून येण्यास मदत झाली आणि इरिनोटेकानाचा अर्बुदावरील परिणाम कमी झाला नाही.

या शेवटच्या मुद्द्याला फार महत्त्व आहे. उपद्रव कमी झाला म्हणजे वनौषधी उपयोगी पडली, असा निष्कर्ष रोगी व नातेवाईक साहजिकच काढतात. पण मूळ औषधच निष्प्रभ झाले, तरीही उपद्रव कमी होतो. खिन्नतेवर यूरोपात सर्रास घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने हे स्पष्ट केले. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे पाच रोग्यांना इरिनोटेकान एकदा या वनौषधीसह व एकदा तिच्याविना देण्यात आले (२००२). ती दररोज ९०० मिग्रॅ. याप्रमाणे १८ दिवस दिली असता रक्तातील एसएन-३८ चे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. अस्थिमज्जेवरील अनिष्ट परिणामही त्या फेरीत सौम्य होते. रोग्याला बरे वाटत होते, ते औषध शरीरात पुरेसे उरत नव्हते म्हणून. ही वनौषधी यकृतातील औषधविघटक एंझाइमांचे प्रमाण वाढविते, हे त्यामागील कारण होय. अनेक कर्करोगी आपण घेत असलेल्या वनौषधी डॉक्टरांना सांगत नाहीत. अशा रोग्याच्या बाबतीत ही घट कोणाच्याही लक्षात येणार नाही.

याच वर्षी अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांत कुर्क्युमिनयुक्त आहारामुळे सायक्लोफॉस्फामाइडाचा स्तनाच्या अर्बुदावरील परिणाम मंदावल्याचे आढळले, तर २००९ मध्ये हिरव्या चहातील एक पॉलिफिनॉल बोर्टेझोमिब या औषधाशी थेट संयोग पावून ते निष्क्रिय करते असे प्रयोगशाळेत दिसून आले. या प्रयोगांतील मात्रा आणि भाजी-आमटीत पडणारी चिमूटभर हळद यांत मोठे अंतर आहे. एकवटलेल्या अर्काच्या कॅप्सूलांनी मात्र ते भरून निघू शकते. इरिनोटेकान चालू असताना सेंट जॉन्स वर्ट घेऊ नये, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात समाविष्ट झाली असून बोर्टेझोमिब घेणाऱ्या रोग्यांना हिरव्या चहाचे अर्क वर्ज्य करण्यास सांगतात.